वारेची साक्ष

गर्भ राहिला की नाही, हे डोहाळ्यांवरून आणि अनुभवी सुइणीच्या बोटांवरून ठरविण्याचा प्रघात शतकानुशतके चालत आला. परंतु ही लक्षणे पुरती उमटण्यापूर्वीच शरीराची साक्ष काढण्याची भरवशाची तजवीज प्रथम झाली ती बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात, १९२७ च्या सुमारास. सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक यांची रीत अशी, की स्त्रीचे सकाळचे मूत्र वयात न आलेल्या पाच उंदरिणींना थोडे थोडे टोचावयाचे, सुमारे शंभर तासांनी त्यांना मारून बीजकोश उघडावयाचे, आणि त्यांवर रक्ताचे गडद ठिपके आढळले, की गर्भधारणेचा निकाल लिहावयाचा. हा प्रभाव ज्या संप्रेरकाचा, ते मेंदूच्या तळच्या पीयूषिका ग्रंथीतून येते असा त्या दोघांचा समज होता. ते वारेतून स्रवते, हे पुढच्या दशकात उलगडले. तोवर नाझी अमलाने या दोघा ज्यू पंडितांना देशोधडीस लावले होते; त्सोंडेक अखेरीस जेरुसलेमला आणि आशहाइम फ्रान्सला गेले. त्यांची रीत मात्र देशोदेशी रुजली. अमेरिकेत १९३१ साली उंदरांच्या जागी ससे आले, आणि पुढे आफ्रिकेतील नखवाली बेडकी आली, जी टोचल्यावर दिवसाच्या आत अंडी घाली आणि जिवंत राहून पुन्हा कामास येई.

ही सारी साक्ष मुख्यतः होय-नाहीची. मोजमापास सर्वमान्य परिमाण हवे म्हणून राष्ट्रसंघाने १९३८ साली या संप्रेरकाचे आंतरराष्ट्रीय एकक मुक्रर केले, तेही प्राण्यांवरील परिणामावरूनच. स्वीडनच्या वीडे व गेम्झेल यांनी १९६० साली प्राण्यांऐवजी प्रतिद्रव्ये योजली; आणि १९७२ साली अमेरिकेत व्हायटुकायटिस, ब्राउनस्टाइन व रॉस यांनी या संप्रेरकाचा ‘बीटा’ भाग तेवढा हेरणारी कसोटी सिद्ध केल्यावर, पीयूषिकेतील त्याच्या सख्ख्या भावंडाशी होणारी गफलत टळून रक्तातील खरे प्रमाण हाती आले.

त्या प्रमाणाचा नकाशा असा. गर्भ नसता मिलिलिटरमागे पाच मिलि-एककांहून कमी. निरोगी गर्भारपणात प्रारंभी दोन-तीन दिवसांत जवळजवळ दुप्पट. शेवटच्या पाळीपासून आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान बहुधा लाखाच्या घरात. आणि वार स्वतः प्रोजेस्टेरॉन पुरवू लागल्याने बीजकोशातील पीतपिंडास जगविण्याचे या संप्रेरकाचे काम सरले, की पुढे उतरण. तथापि एकाच आठवड्यातील दोन निरोगी स्त्रियांच्या आकड्यांत कित्येक पटींचे अंतर पडू शकते. म्हणून अहवालातील एकाच आकड्यावरून हर्ष वा धसका न घेता, वैद्याने सांगितल्यास दोन दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे आणि सोनोग्राफीची जोड घेऊनच निर्णय करावा.