झोप आणि ग्लानी

मराठीत झोप वेगळी, डुलकी वेगळी आणि तापातली ग्लानी वेगळी. भाषेने सहज जपलेला हा विवेक विज्ञानाला विसाव्या शतकात कष्टाने उलगडावा लागला.

१९१९ साली स्पॅनिश संशोधक पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशींची स्वतंत्र ओळख पटवली. संसर्ग होताच त्या जी रसायने सोडतात, त्यांपैकी इंटरल्युकिन-१ झोप वाढवते, हे १९८०च्या दशकातील प्रयोगांत दिसले. पुढे उंदरांच्या मेंदूतून या पेशी नाहीशा केल्या, तेव्हा एरवी जागे असण्याच्या वेळीही त्यांची झोप वाढली. पहारेकऱ्याचा संबंध केवळ आजाराशी नाही, नित्याच्या जागेपणाशीही आहे.

हा इतिहास आम्हा विदर्भवासीयांना परका नाही. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील तापाच्या रुग्णांत पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला. तो वाळूमाशीमार्फत पसरतो. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याच्याशी जोडलेल्या साथीत मेंदूज्वराच्या ३२९ बालरुग्णांपैकी १८३ दगावले. या विषाणूने चेतवलेल्या मायक्रोग्लिया चेतापेशींच्याच मुळावर येतात, असे २०१६ च्या भारतीय संशोधनाने दाखवले. रक्षकच येथे भक्षक होतो.

म्हणूनच राळेगावसारख्या गावी तापाने फणफणलेले मूल निपचित पडले, की ‘झोपू द्या त्याला’ म्हणण्याआधी हाक मारून पाहावी. ओ आली नाही, तर ती झोप नव्हे. तडक दवाखाना गाठावा.