ॲव्हरेज किती देते?

आमच्या अकोला-अमरावतीकडे पिकअप बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. पुण्याच्या 'एआरएआय'चा आकडा त्याला पुरत नाही. तो रोलरवर चाकं फिरवून काढलेला असतो. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीतही चाकं तशीच फिरतात म्हणा, गाडी जागची हलत नाही!

या प्रश्नामागे इतिहास आहे. १९४७ पासून महिंद्राने विलीज जीप जुळवायला घेतली, ती पेट्रोलवर चालणारी. १९७३ च्या तेलसंकटात कच्चं तेल पिंपाला तीन डॉलरवरून काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. सरकारने पेट्रोल महाग केलं, शेती आणि एसटीसाठी डिझेल स्वस्त ठेवलं. मग जीपमध्ये चक्क ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आलं, ऐंशीच्या दशकात पेजोचं. वेग बेताचा, धडधड फार. पण काळी-पिवळी जीप खेडोपाडी पोचली ती यामुळेच, असं माझं मत.

आता मेळघाट घ्या. परतवाडा ते चिखलदरा तीसेक किलोमीटर, चढ सातशे मीटरहून जास्त. दोन टनांची भरलेली जीप नुसती वर उचलायलाच अंदाजे दीड लिटर डिझेल जातं. म्हणजे सपाटीवर दहा देणारी गाडी चढताना सहा-सातवर येते. उतरताना ती कमाई ब्रेक तापवण्यात जाते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठलं. आता उरली ती इंजिनाची काटकसर.