प्रतिभा आटली की कविता दुरावली?

आजच्या गाण्यांत पूर्वीसारखी प्रतिभा उरलेली नाही, हे मत मराठी घरांत इतक्या सहजपणे मांडलं जातं की ते तपासून पाहावं असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. तपासायचं तर आधी ते सुटं करायला हवं. गाणं कवी, संगीतकार आणि गायक मिळून घडवतात. तक्रार या तिघांपैकी नेमकी कुणाबद्दल आहे हे ठरवल्याखेरीज तिला खरं किंवा खोटं म्हणता येत नाही. हे विवेचन मराठी भावगीत आणि चित्रपटगीत यांच्यापुरतं आहे.

तुलना कशाची कशाशी चालली आहे, हा पहिला प्रश्न. जुन्या काळातलं आपल्यापर्यंत जे पोचलं ते चाळणीतून गाळून आलेलं आहे. आजचं मात्र आपण सगळंच्या सगळं ऐकतो. शिवाय त्या चाळणीलाही पक्षपात होता. ‘सुवर्णकाळा’च्या याद्यांत पुण्या-मुंबईचं भावगीत असतं, पण गावोगाव गायली गेलेली वामनदादा कर्डक यांची गीतं किंवा प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्यांत क्वचितच दिसतो. ज्यांना मागच्या पिढीची प्रतिभा म्हणून मोजलंच नाही, त्यांच्या वारसांना आज लोकप्रियता मिळाली की ‘दर्जा घसरला’ म्हणायचं, हा न्याय नव्हे.

समकालीनांचा निवाडा किती फसवा असतो याचा दाखला, हिंदी चित्रपटसंगीतातला असला तरी, 1952 सालात आहे. त्या वर्षी बाळकृष्ण केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे हलकं ठरवलेलं चित्रपटसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ऑक्टोबर 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा ती गाणी घरी परतली. नौशाद यांच्या संगीतानं गाजलेला ‘बैजू बावरा’ 1952 चाच. आज ज्याला अभिजात मानतो ते तेव्हा अभिरुची बिघडवणारं ठरलं होतं.

आता गळ्यांकडे वळू. इथे तक्रार टिकत नाही. ‘जोगवा’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल, ‘कट्यार काळजात घुसली’साठी महेश काळे, ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि हे सगळं 2008 पासूनच्या चित्रपटांतलं आहे. फरक पडला आहे तो ध्वनिमुद्रणाच्या शिस्तीत. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. गायक आणि वादक एकाच वेळी गात-वाजवत आणि शेवटच्या ओळीत कुणी चुकलं तर सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे गाणं पाठ होऊन, मुरून मगच मायक्रोफोनसमोर यायचं. आज ओळीओळीनं, कधी शब्दाशब्दानं तुकडे मुद्रित करून जोडले जातात, म्हणजे पंचिंग होतं. सूर जरासा हलला तर 1997 पासून ऑटोट्यून आहेच. यातून कच्चा गायक निभावून जातो हे खरं. पण त्याहून मोठं नुकसान पक्क्या गायकाचं होतं. त्याची एका श्वासातली चढउतार तुकडे जोडताना सपाट होते. ऐकणाऱ्याला जाणवणारी उणीव गळ्यातली नसून जोडणीतली असते.

संगीतकारांबाबतही मला ऱ्हास दिसत नाही. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी हॉलिवुडच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद वापरला आणि तरी चालींचा पिंड मराठी मातीचाच राहिला, हे दुय्यम प्रतिभेचं काम नव्हे. ‘पूर्वी निवांतपणा होता म्हणून चांगलं घडे’ हा युक्तिवादही फार ताणू नये. ‘गीतरामायण’ 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि दर आठवड्याला नवं गीत अशी 56 गीतं गदिमा आणि सुधीर फडके यांनी दिली. तिथे निवांतपणा कुठला? तिथे होतं एक वेळापत्रक, हाताशी असलेले वादक आणि गाणं ऐकायला ठरल्या वेळी रेडिओजवळ बसणारा महाराष्ट्र.

उरतात शब्द, आणि माझ्या मते खरी खोट इथे आहे. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली तेव्हापासून मराठी भावगीताला कवितेचा कच्चा माल अखंड मिळत होता. भा. रा. तांबे यांच्या कित्येक कवितांवर राग आणि जातीची नोंदच असे. वसंत प्रभू, हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली बांधल्या त्या आधीच लय असलेल्या कवितांवर. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचने’त मात्रावृत्तांची जी वर्गवारी केली ती पाहिली की हे नातं उलगडतं. पद्मावर्तनी रचनेत आठ मात्रांचं आवर्तन असतं, ते केरव्यात सहज बसतं. भृंगावर्तनी रचनेतल्या सहा मात्रा दादऱ्याशी जुळतात. संगीतकाराला ताल शोधावा लागत नसे, तो कवितेच्या पोटातच असे. मग सगळी बुद्धी स्वरांच्या वळणावर खर्च करता येई.

1960 नंतर लघुअनियतकालिकांच्या पिढीनं मराठी कवितेला मुक्तछंदात नेलं. अरुण कोलटकर, नामदेव ढसाळ यांनी जे मिळवून दिलं ते वृत्तात मिळालं नसतं, याबद्दल मला शंका नाही. पण कवितेचा मुख्य प्रवाह तिकडे वळला आणि गाणं मागे राहिलं. वृत्त न सोडणारे सुरेश भट, ग्रेस, आरती प्रभू, शांता शेळके, पाडगावकर यांच्यावर ते पुढची काही दशकं जगलं. ही मंडळी गेल्यावर त्यांची जागा घेणारा मोठा वर्ग तयार झालेला नव्हता. म्हणून आता बहुधा आधी ट्रॅक होतो, त्यावर ‘ना ना ना’ करत चाल बसते आणि गीतकाराकडे रिकाम्या मात्रा भरायला जातात.

चाल आधी, शब्द नंतर ही पद्धत आजची नाही. 1911 च्या ‘संगीत मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी ठुमरीच्या वळणाच्या चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदं रचली. ती पदं शब्दांसाठी कितीजणांना आठवतात? बालगंधर्वांच्या स्वरानं ती तरली. कविता म्हणून त्यांतली बरीचशी अवघडलेली आहेत. दोन्ही काळांतला दोष एकच असेल तर तो प्रतिभेच्या माथी मारता येत नाही. तो कामाच्या क्रमाचा दोष आहे.

उलट बाजूचा पुरावा संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’नं दिला. 2003 पासून हा कार्यक्रम मुख्यतः वृत्तबद्ध, आधी लिहिलेल्या कवितांवर उभा राहिला आणि सभागृहं भरत राहिली. तिकीट काढून येणाऱ्यांत तरुण मोठ्या संख्येनं होते. शब्द ऐकणारा श्रोता संपला, हे त्यामुळे मला मान्य नाही. अडचण पुरवठ्याची आणि मोबदल्याची आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून घेता येणार नाही असा केला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत पाठपुरावा केला होता. पण स्पॉटिफायसारख्या मंचावर गाणं 30 सेकंद वाजलं की मोजलं जातं, आणि तिसऱ्या कडव्यात उलगडणाऱ्या कवितेला त्या हिशेबात वेगळं मोल नाही. साहजिकच निर्माता पहिल्या ओळीवर खर्च करतो आणि कडवी उरकून घेतो.