ब्रॉडबँड सेवादाता बदलणे (गोंदिया जिल्हा)

घरी तारेने येणारे इंटरनेट एका कंपनीकडून बंद करून अधिक वेग व अखंडता यांसाठी दुसऱ्या कंपनीकडून घेणे. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची, म्हणजे लोकांच्या बोलीत ‘पोर्ट’ करण्याची, सोय भारतात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. घरच्या ब्रॉडबँडला अशी सोय नाही. येथे बदल म्हणजे नवी तार, नवा राउटर, ओळखपत्रांची नवी पडताळणी आणि जुनी जोडणी बंद करण्यासाठी वेगळा अर्ज. जुन्या जोडणीसोबत लँडलाइन क्रमांक असेल, तर तोही नव्या कंपनीकडे नेता येत नाही. निर्णय चुकला तर परत फिरणे महाग पडते, म्हणून तो कशाच्या आधारे घ्यायचा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बहुतेक ग्राहक योजनेवर छापलेला वेग पाहतात. गोंदियासारख्या जिल्ह्यात हा आधार अपुरा आहे. तार कोणत्या वाटेने घरापर्यंत येते आणि तुटल्यावर ती किती वेळात जोडली जाते, हा येथे पहिला निकष असला पाहिजे. वेगाचा आकडा त्यानंतर येतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७ आहे. हावडा–मुंबई लोहमार्गावरील जंक्शन आणि राइस मिलचे गाव म्हणून वाढलेले गोंदिया शहर एकीकडे, तर देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील जंगलात विखुरलेली गावे दुसरीकडे, असे या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. शहरात दोन-चार कंपन्यांतून निवड करता येते. जंगलपट्ट्यात प्रश्न निवडीचा नसून तार पोहोचण्याचाच असतो. ‘बदल’ हा शब्द दोन्हीकडे सारखा वापरता येत नाही, ही या विषयाची पहिली मर्यादा होय.

वेगाकडेच सर्वांचे लक्ष का जाते, याचे उत्तर तांब्याच्या तारेच्या काळात सापडते. भारत संचार निगमची स्थापना १ ऑक्टोबर २००० रोजी झाली आणि जानेवारी २००५ मध्ये तिने टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगालाही ब्रॉडबँड म्हणत असत. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासूनच्या अंतरासोबत वेग झपाट्याने घटतो. चार-पाच किलोमीटरवरच्या घरात तो नावापुरताच उरे. त्या काळी वेगाची तक्रार रास्त होती. काचतंतूने, म्हणजे फायबरने, हे गणित पालटले. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका तंतूवर सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट एवढी माहिती ग्राहकांच्या दिशेने येते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण वापर केला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास ३९ मेगाबिट येतात. स्पष्ट चित्राच्या एका चित्रपटाला साधारण ५ मेगाबिट पुरतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार खरी असली, तरी तिचे कारण घरापर्यंत आलेल्या तंतूत क्वचितच असते. ते एक तर घराच्या आत असते, नाही तर कंपनीने नागपूर-मुंबईकडून किती क्षमता विकत घेतली आहे त्यात असते.

ही दोन कारणे वेगळी काढणे अवघड नाही. लॅपटॉप राउटरला केबलने जोडून सकाळी एकदा आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान एकदा वेग मोजावा. दोन्ही वेळा आकडा योजनेच्या जवळ असेल आणि तरीही आतल्या खोलीत चित्र अडत असेल, तर दोष भिंतींचा व राउटरच्या जागेचा आहे. ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वेगवान, पण भिंत ओलांडताना क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्झचे दूर जाते, पण शेजारपाजारच्या राउटरांची त्यावर गर्दी असते. अशा घराने कंपनी बदलली तर पैसे जातील आणि तक्रार राहील. उलट सकाळी वेग मिळतो आणि रात्री तो निम्म्याखाली जातो, असे रोज घडत असेल, तर कंपनीने आपल्या क्षमतेपेक्षा अधिक ग्राहक घेतले आहेत असे समजावे. येथे कंपनी बदलणे हाच उपाय होय. मोजताना एक ध्यानात ठेवावे, की योजनेतील १०० हा आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल उतरताना दिसणारा आकडा पुष्कळदा मेगाबाइटचा. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. निव्वळ या घोटाळ्यातून चांगल्या जोडण्या सोडल्या जातात.

अखंडतेचा हिशेब वेगाहून कठोर आहे. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. सेवा ९९ टक्के वेळ चालू राहिली, तरी महिन्याला सात तासांहून अधिक काळ बंद पडते, आणि ते सात तास ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी आले तर ३०० मेगाबिटची योजना काही कामाची नाही. बंद पडण्याची कारणे या जिल्ह्यात उघड आहेत. तार बहुधा विजेच्या किंवा केबलच्या खांबांवरून ओढलेली असते. पावसाळ्यात फांद्या पडतात, रस्ता रुंद करताना किंवा नाली खोदताना जमिनीतली केबल तुटते. खोदण्याआधी केबल असणाऱ्या संस्थांना सूचना मिळावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये खास ॲप आणले, एवढे हे केबल तुटणे देशभर नित्याचे आहे. त्यात ‘लाइन जाणे’, म्हणजे वीज जाणे, आहेच. फायबरच्या तंतूला वीज लागत नाही, पण त्याच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांना लागते. घरच्या यंत्राला १२ व्होल्टचा लहानसा यूपीएस लावून जो प्रश्न सुटतो, त्यासाठी कंपनी बदलण्यात अर्थ नाही. दुसऱ्या टोकाच्या, कंपनीच्या चौकातल्या यंत्राला बॅटरी नसेल, तर मात्र तो कंपनीचा दोष होय.

येथेच मुख्य मुद्दा येतो. दोन कंपन्यांची नावे वेगळी असली, म्हणजे त्यांच्या वाटा वेगळ्या असतात असे नाही. लहान शहरांत स्थानिक केबलचालक मोठ्या परवानाधारकाच्या नावाने सेवा देतो. उद्या त्याने करार बदलला तर तीच तार, तेच खांब, तोच दुरुस्तीवाला आणि वर नवे नाव असे होऊ शकते. शहराबाहेर पडणारी केबलही लोहमार्ग किंवा महामार्गाच्या कडेने जाते, आणि एकाच चरात अनेकांच्या केबल असल्या तर एका जेसीबीने त्या एकदम तुटतात. मार्गाचे महत्त्व सरकारी योजनेनेही मान्य केले आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. सुरुवातीच्या टप्प्यात केबल तालुक्यापासून गावापर्यंत एकेरी ओळीत टाकली गेली, म्हणजे मध्ये कोठेही तुटली की पुढची सारी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात ही रचना बदलून वलयाकार करण्याचे ठरले, जेणेकरून एक बाजू तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहावी. देशाला मोठा खर्च करून मान्य करावी लागलेली ही गोष्ट एका घराच्या निर्णयालाही लागू आहे: बदल करायचा तर वाट बदलली पाहिजे.

यावर आक्षेप येतो, की केबलची वाट सामान्य ग्राहकाला कशी कळणार? नकाशा कोणी दाखवत नाही, हे खरे. पण बरेच काही नुसते पाहून व विचारून कळते. नवी तार कोणत्या खांबावरून येईल. त्याच खांबावरच्या डब्यावरून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याचे नेट मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होते. तार जोडणारा माणूस गावात राहतो की तालुक्याच्या ठिकाणाहून येतो. तो सुटीच्या दिवशी फोन उचलतो का. या चार प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा अधिक खरी असतात. आमगाव किंवा तिरोड्यासारख्या गावात स्थानिक केबलचालक या कसोटीवर मोठ्या कंपनीपेक्षा सरस ठरू शकतो, कारण दुरुस्तीवाला हाकेच्या अंतरावर असतो. त्याची दुबळी बाजू दुसरीकडे असते. तो पुष्कळदा एकाच मोठ्या पुरवठादारावर अवलंबून असतो, आणि तो पुरवठा थांबला की त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून त्याला ‘तुमची मागची लाइन एक की दोन?’ हे विचारावेच.

दुसरा आक्षेप बिनतारी सेवेचा आहे. घरच्या फायबरची सेवा जिओने ५ सप्टेंबर २०१९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू केली, आणि १९ सप्टेंबर २०२३ पासून ५जी मनोऱ्यावरून घरच्या छतावरील यंत्राला इंटरनेट देण्याची एअरफायबर सेवा आठ शहरांत आणली. एअरटेलचीही अशी सेवा आहे. तारच नसेल तर तुटणार काय, हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. गल्लीतल्या खांबांचा धोका यात खरोखर टळतो, आणि जेथे फायबर आले नाही पण मनोरा जवळ आहे, अशा घरासाठी ही सेवा मोलाची आहे. पण मनोऱ्याला इंटरनेट पुन्हा फायबरनेच मिळत असते, आणि वीजही लागते. शिवाय मनोरा व घर यांच्यामधली दाट झाडी संदेश शोषून घेते. या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात हा मुद्दा कागदावरचा नाही. मोबाइल डेटाविषयी हेच म्हणता येईल. २०२४ अखेर देशातील सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारेवरचे ४ कोटींच्या आसपास होते, यावरून लोकांचे भागते असे दिसते. परंतु चार माणसांच्या घरात एकाचे ऑनलाइन काम, दुसऱ्याचा वर्ग आणि दुकानाचे कॅमेरे एकाच वेळी चालवायचे असतील, तर ते भागणे फार काळ टिकत नाही. बिनतारी सेवेला तारेची जागा देण्यापेक्षा तारेची जोडीदार म्हणून ठेवणे शहाणपणाचे, कारण तिची वाट वेगळी असते.

तिसरा आक्षेप असा, की तक्रार करून काही होत नाही, कंपनी सोडणे हीच खरी तक्रार. स्पर्धा असलेल्या मोठ्या शहरात हे पटण्याजोगे आहे. जेथे पर्याय एक-दोनच आहेत, तेथे सोडून जाण्याची धमकी दुबळी असते आणि नियमांचा आधार अधिक कामाचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. पैसे भरल्यावर सात दिवसांत ब्रॉडबँड जोडणी देणे आणि तारेवरील सेवेतील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त न झाल्यास ग्राहकाला भरपाई देणे, ही त्यांतील घरगुती ग्राहकाच्या उपयोगाची कलमे. प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. २०१२ च्या नियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रातून नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि समाधान न झाल्यास ३० दिवसांत तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे असते. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यावा असे बंधन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेचे वाद ग्राहक मंचासमोर चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले. हा मार्ग लांब आहे, यात शंका नाही. तरी नोंदणी क्रमांक व तारखा लिहून ठेवलेल्या ग्राहकाला पुढे कंपनी बदलतानाही उरलेल्या पैशांचा दावा नीट मांडता येतो. तोंडी भांडणाऱ्याला येत नाही.

जंगलपट्ट्यातील गावांसाठी यांपैकी बराच विचार अजून पुढचा आहे. जिल्ह्यात पाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात केबल पोहोचली, म्हणजे गावातल्या घरात इंटरनेट आले असे होत नाही. कार्यालयापासून घरापर्यंतची तार ओढणारा आणि ती सांभाळणारा माणूस लागतो. सुधारित भारतनेटमध्ये हे काम स्थानिक उद्योजकाकडे देण्याची तरतूद आहे आणि ग्रामपंचायत नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याचे योजले आहे. ‘मागणीनुसार’ हा शब्द ग्रामसभांनी गंभीरपणे घ्यावा. किती घरांना जोडणी हवी याची यादी करून ठराव पाठवणे, हे तेथे सेवादाता बदलण्याच्या आधीचे आणि अधिक निकडीचे काम आहे.

ज्यांना निवड उपलब्ध आहे, त्यांनी नवी जोडणी आधी महिन्याच्या योजनेवर घ्यावी. वर्षाचे पैसे एकदम भरले की बसवण्याचा खर्च माफ होतो, दरही उतरतो, पण बदलण्याची मोकळीक वर्षभरासाठी जाते. सेवा पारखण्याआधी हा सौदा महागात पडतो. दोन जोडण्यांचे भाडे महिना-दोन महिने भरावे लागेल, ही तक्रार योग्य असली तरी तो खर्च चुकीच्या वार्षिक योजनेपेक्षा कमी असतो. पारख जून-जुलैत करावी. उन्हाळ्यात बहुतेक तारा नीट चालतात, झडीच्या पावसात टिकलेली तारच भरवशाची. नवी जोडणी त्यात उतरली, की जुन्या कंपनीला सेवा बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा, तिचा राउटर परत केल्याची पोच घ्यावी आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती पोच जपून ठेवावी.