पटकथा कोणी घेईना तेव्हा



आपल्यापैकी पुष्कळांनी सिनेमा पाहताना शेजारच्याला कधी ना कधी म्हटले असेल, "छे, ही गोष्ट अशी नको होती. मी असतो तर..." बाहेर आलो, चहा घेतला, की ते वाक्य आपण विसरून जातो. कलकत्त्यात १९४० नंतरच्या दशकात एक तरुण होता, तो ते विसरत नसे. अमुक कादंबरीवर चित्रपट निघणार अशी जाहिरात दिसली की तो ती कादंबरी वाची आणि तिची पटकथा लिहून काढी. मग चित्रपट लागला की तिकीट काढून जाई व आपली पटकथा पडद्यावरच्या गोष्टीशी ताडून पाही. कधी कधी तर एकाच कादंबरीच्या दोन पटकथा लिही. एक स्वतःच्या मनासारखी आणि दुसरी, चित्रपटवाले ती कशी करतील याच्या अंदाजाची! पैसा मिळायचा नाही, नाव व्हायचे नाही. पण शिकवणी चालू होती, आणि मास्तरही तोच, विद्यार्थीही तोच. शिक्षक मंडळींना या अभ्यासाची किंमत मी काय सांगावी?

हा तरुण म्हणजे सत्यजित राय. जन्म २ मे १९२१ चा. १९४३ साली एका इंग्रजी जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून ८० रुपये पगारावर तो लागला. शिवाय सिग्नेट प्रेस या प्रकाशनासाठी पुस्तकांची मुखपृष्ठे काढी. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रे याच्याकडेच आली. ती काढता काढता अपू आणि दुर्गा ही भावंडे मनात घर करून बसली. याचा चांगला चित्रपट होईल, असे प्रकाशकही म्हणाले. १९४७ साली मित्रांबरोबर त्याने कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. देशोदेशीचे चित्रपट मिळवायचे, पाहायचे आणि त्यावर वाद घालायचा, हा तिचा उद्योग.

आता पटकथा लिहिणाऱ्याची खरी अडचण ऐका. कवीची कविता कागदावर पुरी होते. पटकथा तशी पुरी होत नाही. ती घराच्या नकाशासारखी असते, आणि नकाशात कोणी राहायला जात नाही. शेजारणीला दाखवायची म्हटली तरी कॅमेरा हवा, माणसे हवीत, पैसा हवा. आणि पैसा ज्याचा, शब्द त्याचा. याच सुमारास राय यांना त्याचा अनुभव आला. रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे' या कादंबरीची पटकथा त्यांनी लिहिली. करारही झाला. पण निर्मात्याला काही बदल हवे होते, राय हटून बसले, आणि सारे बारगळले. तेव्हा त्यांना फार लागले असणार. पुढे बऱ्याच वर्षांनी तीच पटकथा पुन्हा वाचल्यावर मात्र त्यांनी मोकळेपणाने कबूल केले, की ती पडद्यावर आली नाही हे बरेच झाले. ती कच्ची होती. मला या कबुलीचे मोठे मोल वाटते. आपली नाकारलेली वही पुन्हा उघडून, 'नाकारली ते योग्यच झाले' म्हणणारे लेखक तुम्हाला किती भेटले?

१९४९ मध्ये फ्रान्सचे दिग्दर्शक झां रन्वार 'द रिव्हर' या चित्रपटासाठी बंगालमध्ये आले, तेव्हा राय त्यांच्याबरोबर जागा पाहत हिंडले. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवले. तिथे काही महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांतला एक इटालियन चित्रपट सायकल चोरीस गेलेल्या गरीब बापलेकाचा होता. तो रस्त्यावर चित्रित केला होता, आणि त्यातला बाप काही पट्टीचा नट नव्हता. हे होऊ शकते तर! परतीच्या बोटीवरच त्यांनी 'पथेर पांचाली'चा आराखडा लिहायला घेतला.

गंमत पाहा, ज्या चित्रपटाने त्यांना पटकथाकार म्हणून उभे केले, त्याची रीतसर लिहिलेली संपूर्ण पटकथा कधी नव्हतीच. टिपणे होती आणि शाईने काढलेल्या चित्रांची एक वही होती. कुठे माणूस उभा, कुठून उजेड, हे सगळे चित्रांत. ती वही घेऊन ते निर्मात्यांची दारे झिजवत होते. गाणी नाहीत, नाच नाही, प्रसिद्ध नट नाही, म्हातारी मरते, मुलगी मरते. कोण पैसे घालणार? विभूतिभूषण १९५० मध्ये वारले होते. त्यांच्या पत्नीने मात्र विश्वासाने परवानगी दिली होती.

शेवटी राय यांनी ठरवले की आपणच आरंभ करायचा. विम्याच्या पॉलिसीवर सुमारे ७,००० रुपये काढले, थोडे आप्तमित्रांकडून घेतले. आपल्या दादासाहेब फाळक्यांची इथे आठवण होणारच. त्यांनीही विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, सरस्वतीबाईंनी दागिने दिले होते, तेव्हा १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. राय यांच्या पत्नी विजया यांचेही दागिने पुढे गहाण पडले. पुस्तके आणि गाण्यांच्या तबकड्या विकल्या त्या वेगळ्याच.

नोकरी होती, म्हणून काम सुट्टीच्या दिवशी. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी पहिले चित्रण झाले. शरदात पांढरे तुरे येणारे काशाचे गवत असते ना, तशा भरल्या रानातून भाऊ-बहीण आगगाडी पाहायला जातात, तो प्रसंग. अर्धे काम झाले. पुढच्या रविवारी मंडळी गेली तर रान उजाड! मधल्या दिवसांत गुरांनी सगळे तुरे फस्त केले होते. तुम्हा शेतकरी मंडळींना यात नवल वाटणार नाही, पण शहरातून आलेल्या त्या पोरांनी कपाळाला हात लावला असेल. तुरे पुन्हा येईपर्यंत, म्हणजे पुढच्या शरदापर्यंत, तो प्रसंग थांबला.

पोरेच ती. छायाचित्रणाचे काम करणारा सुब्रत मित्र जेमतेम विशी ओलांडलेला, सिनेमाचा कॅमेरा त्याने पूर्वी चालवलेला नव्हता. 'द रिव्हर'च्या वेळी बाजूला उभा राहून पाहिले, तेवढीच त्याची शाळा. राय यांनी स्वतःही तोवर काही दिग्दर्शित केलेले नव्हते. कलकत्त्याजवळच्या बोडाल गावातले एक पडके घर हेच त्यांचे चित्रमंदिर.

इथे लेखकाचे खरे शिक्षण झाले. कागदावर लिहिता येते : 'मिठाईवाला पुढे, मागे मुले, मागे कुत्रा.' कुत्र्याला कोण सांगणार? तो जागचा हलेना. मग दुर्गेने पाठीमागे धरलेल्या हातात संदेश, म्हणजे ती बंगाली मिठाई, ठेवला, तेव्हा कुठे स्वारी निघाली. पुढे मधेच त्या मिठाईवाल्याचे काम करणारा माणूसच वारला. दुसरा उभा करून त्याला पाठमोरा दाखवावा लागला.

मूळ कादंबरीतही त्यांनी ठिकठिकाणी हात घातला. पुस्तकात म्हातारी इंदिर ठाकरुण लवकरच मरते. राय यांनी तिला बरीच पुढेपर्यंत जिवंत ठेवले, आणि मुलांनाच तिचे मरण बांबूच्या बनात पाहायला लावले. पुस्तकातली दुर्गा आगगाडी न पाहताच जाते. पडद्यावर ती अपूबरोबर गाडीच्या दिशेने धावते. आणि बाप हरिहर परगावाहून परत येतो तो प्रसंग तर ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. त्याने मुलीसाठी साडी आणली आहे, मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक नाही. आईचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा एक उंच सूर येतो. असे काही टेबलाशी बसून सुचेल? सुचेलही एखाद्याला. पण मला वाटते, तोंडासमोर घडताना पाहिल्याशिवाय आवाज काढून टाकण्याचे धैर्य होत नाही.

पैसे संपले, काम थांबले. एक निर्माता मिळाला, तोही मधेच थांबला. पुष्कळ महिने सगळे ठप्प. मुलाचा आवाज फुटला नाही, मुलगी एकदम वाढली नाही आणि म्हातारी दगावली नाही, हे तीन चमत्कारच होते, असे राय पुढे म्हणत. अखेर आईच्या ओळखीने प्रकरण पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय यांच्यापर्यंत गेले आणि सरकारने पैसे दिले. 'पथ' म्हणजे रस्ता, म्हणून ती रक्कम रस्तेसुधारणेच्या खाती पडली असे सांगतात! शेवट जरा आशादायक, ग्रामसुधारणेचा करा, अशीही सूचना आली. पण कुटुंब गाव सोडून बैलगाडीतून निघते तोच शेवट राहिला. यावेळी कारण असे की, बहुतेक चित्रपट डब्यात तयार होता. 'घरे बाइरे'च्या वेळी हाती नुसता कागद होता. मात्र याची किंमतही मोजावी लागली. चित्रपटाचे हक्क सरकारकडे गेले.

एकूण खर्च सुमारे दीड लाख. रविशंकरांनी संगीत जवळजवळ एका बैठकीत दिले. मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तो प्रथम दाखवला गेला, आणि २६ ऑगस्टला कलकत्त्यात लागला. आरंभी गर्दी बेताची, मग वाढत गेली. त्या वर्षीचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. हे पदक पहिल्याच वर्षी, १९५३ च्या चित्रपटांतून, आपल्या 'श्यामची आई'ला मिळाले होते. तोही आचार्य अत्रे या लेखकानेच काढलेला चित्रपट. १९५६ मध्ये कान महोत्सवाने 'पथेर पांचाली'ला उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरवले.

त्यानंतर राय यांनी नोकरी सोडली. 'अपराजितो'ला १९५७ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. आता त्यांच्या पटकथेला दार शोधत फिरावे लागत नव्हते. १९६२ च्या 'कांचनजंघा'त तर गोष्टही त्यांचीच होती : दार्जिलिंगला आलेले एक कुटुंब, एकच दुपार, आणि पडद्यावरचा वेळ जवळजवळ घड्याळाइतकाच. तरीही सगळेच साधले असे नाही. १९६७ मध्ये परग्रहावरच्या पाहुण्याची एक पटकथा घेऊन ते हॉलिवूडपर्यंत गेले. ती कागदावरच राहिली. दुसऱ्याच्या दारात लेखकाची दशा मोठेपणीही फारशी बदलत नाही.

आणि 'घरे बाइरे'? तीही झाली. जुनी पटकथा बाजूला ठेवून राय यांनी ती नव्याने लिहिली. चित्रण चालू असताना १९८३ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उरलेले काम त्यांच्या सूचनांप्रमाणे मुलगा संदीप याने पुरे केले. १९८४ मध्ये ती पडद्यावर आली, तेव्हा पहिली पटकथा लिहून छत्तीसच्या आसपास वर्षे झाली होती.