मानवी चेतासंस्था

मानवी चेतासंस्था (मज्जासंस्था, तंत्रिका तंत्र) ही शरीराच्या आतील व बाहेरील बदलांची माहिती गोळा करणारी, तिचा अर्थ लावणारी आणि त्यानुसार स्नायू व ग्रंथींना आज्ञा देणारी संस्था होय. रचनेनुसार तिचे मध्यवर्ती आणि परिघीय असे दोन विभाग पडतात. इजा वा आजार यांपैकी कोणत्या विभागात आहे, यावर रुग्णाच्या कोणत्या क्षमता जातात आणि त्यांतील कोणत्या परत मिळू शकतात, हे बऱ्याच अंशी ठरते.

चेतापेशी

चेतापेशी हे या संस्थेचे मूलभूत एकक आहे. पेशीकाय, संदेश आत आणणाऱ्या वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा अक्षतंतू हे तिचे मुख्य भाग होत. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांना आधार व पोषण देण्याचे काम चेताश्लेष्म पेशी करतात. अक्षतंतूतून संदेश विद्युत आवेगाच्या रूपाने जातो, तर दोन पेशींमधील संपर्कस्थानी तो बहुधा रासायनिक द्रव्यांमार्फत पुढे पोहोचतो. अनेक अक्षतंतूंभोवती मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण असते. असे आवरण असलेल्या जाड तंतूंतून आवेग सेकंदाला १०० मीटरहून अधिक वेगाने जाऊ शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत हा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर असतो.

मध्यवर्ती चेतासंस्था

मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था बनते. कवटी व पाठीचा कणा, तीन आवरणे आणि मस्तिष्क-मेरुद्रव यांमुळे तिचे रक्षण होते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. प्रमस्तिष्क विचार, स्मृती, भाषा व ऐच्छिक हालचालींचे नियंत्रण करते. अनुमस्तिष्क शरीराचा तोल व हालचालींतील सुसूत्रता राखते. मस्तिष्कपुच्छ श्वसन, हृदयाचे ठोके व रक्तदाब यांवर लक्ष ठेवते. मेरुरज्जूची लांबी सुमारे ४५ सेंमी असते. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जूच घडवून आणतो. वेदनेची जाणीव त्यानंतर होते.

परिघीय चेतासंस्था

मेंदूपासून निघणाऱ्या कर्परचेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या मेरुचेतांच्या ३१ जोड्या या विभागात येतात. संवेदी तंतू माहिती आत आणतात, तर प्रेरक तंतू आज्ञा बाहेर नेतात. हृदय, आतडी व ग्रंथी यांचे अनैच्छिक कार्य स्वायत्त चेतासंस्था सांभाळते. तिच्या दोन शाखांपैकी अनुकंपी शाखा शरीराला संकटाच्या वेळी सज्ज करते, तर परानुकंपी शाखा विश्रांती व पचन यांना चालना देते.

पुण्यातील गियाँ-बारे संलक्षणाचा उद्रेक

या विभागणीचे व्यावहारिक महत्त्व जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दिसून आले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या परिसरात गियाँ-बारे संलक्षणाचे (जीबीएस) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशयित रुग्णांची एकूण संख्या २०० च्या वर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाणी व अन्नातून पसरणाऱ्या या जीवाणूच्या पृष्ठभागावरील काही घटक चेतांमधील घटकांशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे रुग्णाच्या स्वतःच्या परिघीय चेतांवर हल्ला करू शकतात. त्यांचे मायलिन आवरण, व काही रुग्णांत अक्षतंतूही, बाधित होतात.

अशक्तपणा व मुंग्या सहसा पायांपासून सुरू होऊन वर चढतात. मेंदू बाधित होत नसल्याने रुग्णाचे हातपाय हलत नसतानाही त्याची शुद्ध व समज सामान्यतः कायम राहते. मात्र श्वसनाच्या स्नायूंच्या चेता बाधित झाल्यास कृत्रिम श्वसनाची गरज भासते. स्वायत्त चेता बाधित झाल्यास रक्तदाब व हृदयाचे ठोके अस्थिर होतात. म्हणूनच झपाट्याने वाढणारा अशक्तपणा ही रुग्णालयात तातडीने जाण्याची खूण मानली जाते. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तद्रव बदलणे हे मुख्य उपचार आहेत.

पुनर्प्राप्ती

परिघीय चेतांचे मायलिन आवरण पुन्हा तयार होऊ शकते आणि तुटलेला अक्षतंतूही दिवसाला सुमारे १ मिमी या गतीने वाढू शकतो. त्यामुळे बहुतेक जीबीएस रुग्ण काही आठवडे ते महिन्यांत पुन्हा चालू लागतात. काहींमध्ये अशक्तपणा उरतो, तर काही रुग्ण दगावतात. मध्यवर्ती चेतासंस्थेत तुटलेल्या अक्षतंतूंची अशी वाढ फारशी होत नाही. म्हणून मेरुरज्जूच्या गंभीर इजेमुळे आलेला पक्षाघात अनेकदा कायमचा ठरतो.