मानांकन आणि उंबरठ्यावरचा सामना

बाद पद्धतीच्या कोणत्याहि स्पर्धेंत एक गोष्ट निर्विवाद असते: जो शेवटपर्यंत हरत नाहीं तो विजेता. परंतु दुसरा कोण, तिसरा कोण, आणि मुळांत त्या स्पर्धेंत उतरण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न तितके सोपे नाहींत. इंग्लंडांत लॉन टेनिसच्या स्पर्धा नुकत्याच लोकप्रिय होऊं लागल्या होत्या, त्या काळीं म्हणजे १८८३ सालीं, ऑक्सफर्डचे गणिती चार्ल्स डॉजसन यांनीं या प्रश्नावर एक छोटीशी पुस्तिका प्रसिद्ध केली. 'लुई कॅरोल' या टोपणनांवानें अॅलिसची अद्भुत कथा लिहिणारे गृहस्थ ते हेच. त्यांचा मुद्दा सरळ होता. बत्तीस खेळाडू चिठ्ठ्या टाकून एकमेकांसमोर उभे केले आणि प्रत्येक वेळीं सरस खेळाडूच जिंकला असें धरलें, तर सर्वोत्तम खेळाडूस पहिलें बक्षीस मिळेल हें खरें. पण दुसऱ्या प्रतीचा खेळाडू अंतिम सामन्यापर्यंत पोंचण्याचा संभव ३१ पैकीं अवघा १६ एवढाच. दुर्दैवानें त्याची गांठ पहिल्याच फेरींत सर्वोत्तमाशीं पडली, तर तो तेथेंच संपला आणि त्याच्याहून कितीतरी हलका खेळाडू दुसरें बक्षीस घेऊन घरीं गेला.

या अन्यायावर जो उपाय पुढें रूढ झाला त्यास मानांकन म्हणतात. इंग्रजींत त्याला 'सीडिंग' असा शब्द आहे, व 'सीड' म्हणजे बीं. बीं एकाच ठिकाणीं न टाकतां अंतर राखून पेरावें, त्याप्रमाणें बलवान खेळाडूंचीं नांवें कोष्टकांत एकमेकांपासून दूर ठेवावयाचीं, म्हणजे त्यांची गांठ शेवटच्या फेऱ्यांतच पडते. विंबल्डनच्या स्पर्धेंत गुणानुसार मानांकन १९२७ सालीं सुरू झालें. मात्र हें तत्त्व एखाद्या स्पर्धेंत कसें मुरतें आणि त्यांतून कोणते नवे प्रश्न उपजतात, हें पाहण्यास अमेरिकेंतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें झाला. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या बांधल्या व खेळाचे नियम लिहून काढले. पुढें जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावर, १९३९ सालीं, महाविद्यालयांची ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. देशाच्या आठ भागांतून एकेक असे अवघे आठ संघ तींत होते. इव्हॅन्स्टन येथील अंतिम सामन्यांत ऑरेगॉननें ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. आठ ही संख्या बाद पद्धतीस फार सोयीची. आठांचे चार, चारांचे दोन आणि दोहोंतून एक. कोणास 'पुढे चाल' द्यावी लागत नाहीं कीं कोणास जादा सामना खेळावा लागत नाहीं.

१९५१ सालीं संघ सोळा झाले, तोंपर्यंत हा हिशेब जुळला. १९५३ पासून मात्र ही संख्या २२ ते २५ यांच्या दरम्यान हेलकावे खाऊं लागली व कांहीं संघांना पहिल्या फेरींत 'पुढे चाल' द्यावी लागली. याहून मोठी अडचण प्रवेशाच्या नियमांत होती. अमेरिकेंतील महाविद्यालयें आपसांत सामने खेळण्यासाठीं गट बांधतात. त्यांस तेथें कॉन्फरन्स म्हणतात. एका गटांतून एकाच संघानें राष्ट्रीय स्पर्धेंत यावें असा नियम होता. वरकरणीं तो समतेचा दिसतो. पण एकाच गटांत दोन उत्कृष्ट संघ असले तर काय, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

तो प्रसंग १९७४ च्या मार्चमध्यें आला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांत नॉर्थ कॅरोलिना स्टेट व मेरीलँड हे दोन संघ समोरासमोर आले. वेळ संपली तरी निकाल लागेना. जादा वेळ द्यावा लागला व अखेर नॉर्थ कॅरोलिना स्टेटनें १०३-१०० असा विजय मिळविला. त्या संघानें पुढें राष्ट्रीय विजेतेपदहि पटकाविलें. परंतु देशांतील पहिल्या पांच संघांत गणला जाणारा मेरीलँडचा संघ केवळ तीन गुणांनीं हरल्यामुळें राष्ट्रीय स्पर्धेच्या दाराबाहेर राहिला, आणि त्याच वेळीं त्याच्याहून दुबळे संघ आंत खेळत होते. पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, स्पर्धा ३२ संघांची झाली व एका गटांतून एकाहून अधिक संघांना बोलावण्याची मुभा मिळाली.

दार रुंद झालें तसें आंतील बैठकीची व्यवस्था लावणें भाग पडलें. १९७८ सालीं मानांकनाचा अंशतः प्रयोग झाला आणि १९७९ सालीं सर्वच्या सर्व ४० संघांना क्रमांक देण्यांत आले. १९८५ सालीं संघांची संख्या ६४ झाली, आणि या व्यवस्थेला तिचें ठाशीव रूप आलें. सोळा संघांचा एक, असे चार विभाग. प्रत्येक विभागांत १ ते १६ क्रमांक. पहिल्याची गांठ सोळाव्याशीं, दुसऱ्याची पंधराव्याशीं, तिसऱ्याची चवदाव्याशीं, आणि असें करीत आठव्याची नवव्याशीं. पहिल्या फेरींतील कोणत्याहि जोडीच्या क्रमांकांची बेरीज सतराच येते. ज्यानें वर्षभर अधिक कर्तृत्व दाखविलें त्याची वाट सुरुवातीस सोपी, हा त्यामागील हेतु. तथापि मानांकन हें भाकीत नव्हे. त्याच १९८५ सालीं आठव्या क्रमांकाच्या व्हिलानोव्हानें अंतिम सामन्यांत पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जटाउनला ६६-६४ असें हरविलें.

हे क्रमांक एक निवडसमिती ठरविते. प्रत्येक गटाच्या विजेत्यास हक्कानें प्रवेश मिळतो. उरलेल्या जागांवर समिती आपल्या मतें श्रेष्ठ अशा संघांना निमंत्रण देते. १९८१ पासून २०१८ पर्यंत तिच्यासमोर एक आंकडा असे. त्यांत संघाच्या स्वतःच्या यशास चतुर्थांश, प्रतिस्पर्ध्यांच्या यशास अर्धा आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यशास चतुर्थांश वजन असे. दुबळ्यांना हरवून कोणी मोठा होऊं नये, ही त्यामागील दृष्टि योग्यच होती. पण तिची दुसरी बाजूहि होती. लहान गटांतील महाविद्यालयांना बलाढ्यांशीं खेळण्याची संधिच थोडी मिळे. त्यामुळें आपल्या गटांत सर्वांना जिंकूनहि त्यांचा क्रमांक तळाशीं राही.

आणि तळाशीं असलेल्यांवरच पुढचा भार पडला. १९९९ सालीं वेस्टर्न अॅथ्लेटिक कॉन्फरन्समधून आठ महाविद्यालयें फुटलीं व त्यांनीं माउंटन वेस्ट नांवाचा नवा गट स्थापिला. २००१ सालीं या गटाच्या विजेत्यास हक्काचा प्रवेश द्यावयाचा झाला. हक्कदार ३१ झाले. निमंत्रितांच्या ३४ जागा मात्र कमी करावयाच्या नव्हत्या. बेरीज ६५ झाली, आणि बाद पद्धतीच्या कोष्टकांत पासष्टाव्याला जागा नसते. म्हणून सर्वांत खालचे दोन गटविजेते ओहायो संस्थानांतील डेटन येथें आधीं एकमेकांशीं खेळवावे व जिंकेल त्याला ६४ मध्यें घ्यावें, असें ठरलें. २००१ च्या मार्चमधील त्या पहिल्या सामन्यांत नॉर्थवेस्टर्न स्टेटनें विन्थ्रॉपला ७१-६७ असें हरविलें. लोकांनीं या सामन्यास 'प्ले-इन' म्हणजे प्रवेश-सामना हें नांव दिलें, व त्या नांवांतच टीका होती. आपल्या गटाचें अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघानें उंबरठ्यावर पुन्हां परीक्षा द्यावी, आणि बड्या गटांत चौथा-पांचवा आलेला संघ निमंत्रणानें सरळ आंत यावा, हें अनेकांस खटकलें.

२०११ सालीं या तक्रारीवर तडजोड निघाली. संघ ६८ झाले व डेटनला चार सामने ठरले. त्यांपैकीं दोन सामने सर्वांत खालच्या चार गटविजेत्यांत, आणि दोन शेवटच्या चार निमंत्रितांत. उंबरठ्यावर उभें राहण्याची पाळी आतां दोन्ही पक्षांवर आली. या चार सामन्यांना अधिकृतपणें 'पहिली फेरी' म्हणावें असाहि प्रयत्न झाला. पण लोकांच्या तोंडीं तो बसला नाहीं, व २०१६ पासून तें नांव पुन्हां ६४ संघांच्या फेरीस दिलें गेलें.

या उंबरठ्याचें महत्त्व त्यावरून आंत गेलेल्यांनींच सिद्ध केलें. २०११ सालींच व्हर्जिनिया कॉमनवेल्थ या संघास बोलाविल्याबद्दल समितीवर कडक टीका झाली होती. तो संघ डेटनचा सामना जिंकून निघाला, आणि वाटेंत पहिल्या क्रमांकाच्या कॅन्ससला ७१-६१ असें हरवून शेवटच्या चारांत जाऊन बसला. सोळाव्या क्रमांकाची कथा याहून विलक्षण आहे. महिलांच्या स्पर्धेंत हार्वर्डनें स्टॅनफर्डला १९९८ सालींच ७१-६७ असें हरविलें होतें. पुरुषांच्या स्पर्धेंत मात्र सोळाव्यानें पहिल्यास हरविण्याचे १३५ प्रयत्न ओळीनें फसले. २०१८ सालीं मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघानें व्हर्जिनियाचा ७४-५४ असा पाडाव केला, तेव्हां ती परंपरा मोडली.

२०२३ सालीं फेअर्ली डिकिन्सन या संघानें त्यावर कडी केली. आपल्या गटाचा अंतिम सामना हा संघ मेरिमॅकविरुद्ध ६६-६७ असा एका गुणानें हरला होता. परंतु वरच्या श्रेणींत नुकतेंच आलेलें मेरिमॅक नियमाप्रमाणें अद्याप पात्र नव्हतें, म्हणून प्रवेश याला मिळाला. डेटनला त्यानें टेक्सस सदर्नला ८४-६१ असें हरविलें आणि दोनच दिवसांनीं पहिल्या क्रमांकाच्या पर्ड्यूशीं गांठ घेतली. पर्ड्यूचा झॅक ईडी सात फूट चार इंच उंच, तर हा संघ देशांतील सर्वांत ठेंगण्या संघांपैकीं. तरी निकाल लागला ६३-५८, ठेंगण्यांच्या बाजूनें.

या हकीकतीवरून मानांकन व्यर्थ ठरत नाहीं. पहिल्या क्रमांकाचे संघ बहुधा जिंकतातच, आणि कोष्टक चिठ्ठ्यांवर सोडलें तर डॉजसनच्या दुसऱ्या खेळाडूवर होणारा अन्याय पुन्हां होईल. पण बाहेर राहिलेल्या संघाची तक्रार दार रुंद करून मिटत नाहीं. आठ संघ होते तेव्हां नववा हळहळला. ६८ झाले तेव्हां एकोणसत्तरावा. कोठें तरी रेघ ओढावीच लागते. ती ओढणाऱ्यांचें कर्तव्य एवढेंच कीं रेघेवर उभ्या असलेल्या संघाची परीक्षा कागदावरच्या आंकड्यांनीं संपवूं नये, तर शक्य तितकी मैदानावर होऊं द्यावी. डेटनच्या त्या सामन्यांनीं हारलेल्याचें दुःख कमी केलें नाहीं. पण फेअर्ली डिकिन्सनसारख्या संघाला पर्ड्यूसमोर उभें राहण्याची संधि मिळाली, ती त्यांच्यामुळेंच.